नऊ वर्षांच्या मुलाचे पाऊल पुन्हा आत वळले आहे. बाहेरून रिंग बसवावी की थांबावे?

प्रश्न

नमस्कार. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. त्याचे उजवे पाऊल जन्मतःच आत आणि खाली वळलेले होते. दुसऱ्या आठवड्यापासून दर आठवड्याला प्लास्टर बदलण्याचे उपचार सुरू झाले, सहा प्लास्टरनंतर लहानशा छेदातून टाचेमागचा आखडलेला स्नायुबंध कापला आणि पाऊल अगदी सरळ झाले. नंतर दांडीने जोडलेले बूट मिळाले. पहिले तीन महिने आम्ही ते दिवसरात्र घातले. पुढे ते फक्त झोपेत घालायचे होते, पण बाळ रात्रभर रडे आणि चालायला लागल्यावर पाऊल सरळच दिसे. त्यामुळे दीड वर्षाच्या सुमारास आम्ही ते बंद केले. ते किमान चार वर्षांपर्यंत घालणे का आवश्यक होते, हे आम्हाला तेव्हा नीट उमगले नव्हते, आणि ती गोष्ट आजही मनाला लागून राहिली आहे.

साडेतीन वर्षांचा असताना पाऊल परत वळले, तेव्हा घोट्याच्या आतल्या आणि मागच्या बाजूने मोठी शस्त्रक्रिया झाली. तीनेक वर्षे बरी गेली. गेल्या दोन वर्षांत मात्र तो पुन्हा पावलाच्या बाहेरच्या कडेवर चालू लागला आहे. त्याच्या बुटाचा बाहेरचा काठ दोन महिन्यांत झिजतो, करंगळीच्या मुळाशी जाड घट्टा पडला आहे, आणि तो उभा असताना टाचेखाली माझी दोन बोटे सहज सरकतात. संध्याकाळी पाय दुखतो असे तो सांगतो.

दोन तज्ज्ञांची मते घेतली. एकांनी सांगितले की, हाडांत तारा घालून बाहेरून रिंग बसवावी आणि रोज थोडी थोडी ओढ देऊन पाऊल सरळ करावे. दुसऱ्यांचे मत असे की, आता काही न करता वाढ पूर्ण होईपर्यंत थांबावे आणि मग पावलातले तीन सांधे एकमेकांना जोडून टाकावेत. आम्ही गोंधळून गेलो आहोत. रिंगने पाऊल खरोखर सरळ होते का, ते पुन्हा वळण्याची शक्यता किती, आणि त्या काही महिन्यांत मुलाला व घराला कशाकशातून जावे लागते, हे ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. मुलगा आता सारे समजण्याच्या वयाचा आहे आणि रिंगचे चित्र पाहिल्यापासून तो गप्प गप्प आहे.

उत्तर १ : एका मुलीचे वडील

ताई, आधी बुटांविषयी. दांडीचे बूट मध्येच सुटणे हे पाऊल पुन्हा वळण्याचे सर्वांत मोठे कारण असते, हे आमच्या डॉक्टरांनीही सांगितले होते. पण त्याच वेळी त्यांनी हेही सांगितले की, बूट नेमाने घालूनही काही मुलांचे पाऊल परत वळते. तेव्हा तो भार मनावर घेऊन पुढचा निर्णय करू नका.

आमची परिस्थिती थोडी वेगळी होती. माझ्या मुलीचे डावे पाऊल लहानपणी उपचारांविना राहिले. अकराव्या वर्षी ती पावलाच्या पाठीवर चालत असे, म्हणजे तळव्याची बाजू मागे आणि वर वळलेली, आणि जिथे बुटाची नाडी बांधतात तिथे टाचेसारखी जाड कातडी तयार झालेली. तिला रिंग बसवली त्याला आता चार वर्षे झाली. एकूण सतरा आठवडे रिंग पायावर होती. त्यापैकी सात आठवडे ओढ देण्यात गेले आणि उरलेला काळ सरळ झालेले पाऊल तसेच धरून ठेवण्यात.

मला जे सर्वांत आधी कोणी सांगायला हवे होते ते असे : शस्त्रक्रियेच्या दिवशी पाऊल सरळ होत नाही. मुलगी शस्त्रक्रियागृहातून बाहेर आली तेव्हा तिचे पाऊल पूर्वीइतकेच वाकडे होते, फक्त त्याभोवती पोलादी कडी होती. ते पाहून माझ्या पत्नीला रडू कोसळले, कारण तिची समजूत निराळी होती. खरे काम तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर आमच्या हातून व्हायचे होते. कड्यांना जोडणाऱ्या प्रत्येक दांड्यावर एक नट होता. तो पान्याने पाव फेरा फिरवला की पाव मिलिमीटर ओढ बसते. असे दिवसातून चार वेळा, म्हणजे दिवसाला एक मिलिमीटर. बाहेरच्या बाजूच्या दांड्यांना याच्या निम्मी ओढ द्यायची होती, कारण आखडलेली बाजू आतली असते. आम्ही सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा आणि रात्री बारा अशा वेळा ठरवल्या. रात्री बाराचा फेरा ती झोपेत असतानाच मी देत असे, आणि बहुतेक वेळा तिला जागही येत नसे.

एक चूक माझ्याकडून झाली, ती मुद्दाम लिहितो. दुसऱ्या आठवड्यात एक दांडा मी दिवसभर उलट्या दिशेने फिरवला. संध्याकाळी वहीत नोंद करताना ते लक्षात आले, लगेच डॉक्टरांना विचारले आणि त्यांनी सांगितल्याप्रमाणे तो हळूहळू पूर्ववत केला. त्या दिवसापासून प्रत्येक नटाच्या एका बाजूला नखांच्या रंगाचा ठिपका लावला आणि दांड्याला बाण काढलेली चिकटपट्टी. ठिपका कुठे आहे ते पाहिले की किती फेरे झाले ते कळते. आपणही पहिल्याच दिवशी असे करा.

वेदनेचे म्हणाल तर पहिले चार-पाच दिवस कठीण गेले. नंतर ओढ देताना दुखत नसे, पण संध्याकाळी पाय ठणके. सर्वांत त्रास झाला तो तारांच्या तोंडाशी. सतरा आठवड्यांत तीनदा एखाद्या तारेभोवती कातडी लाल झाली, पाणी येऊ लागले आणि गोळ्या घ्याव्या लागल्या. एक तार सैल झाली होती, ती काढून टाकली. रोज उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने प्रत्येक तारेचे तोंड वेगळ्या कापसाने पुसणे, आणि एकाचा कापूस दुसऱ्याला न लावणे, हे काम माझ्या पत्नीने एकही दिवस चुकवले नाही.

आज मुलगी पूर्ण तळवा टेकवून चालते. घोटा फारसा हलत नाही, पाऊल दुसऱ्यापेक्षा दोन मापे लहान आहे आणि पोटरी बारीक आहे. तिला नेहमीचे बूट घालता येतात, आणि तिला स्वतःला हवे होते ते एवढेच.

उत्तर २ : बालअस्थिरोग शल्यचिकित्सक

वरील अनुभव अतिशय प्रामाणिकपणे लिहिलेला आहे. आपल्या मुलाला न तपासता मी निर्णय सांगू शकत नाही, परंतु निर्णयापूर्वी कोणते प्रश्न सुटले पाहिजेत ते सांगू शकतो.

पहिला प्रश्न : पाऊल पुन्हा का वळले? लवकर सोडलेले बूट हे त्याचे उत्तर असू शकते. परंतु मोठ्या शस्त्रक्रियेनंतर तीन वर्षे बरे राहिलेले पाऊल सहा-सात वर्षांच्या वयात पुन्हा वळू लागते, तेव्हा मज्जारज्जूकडेही पाहिले पाहिजे. मज्जारज्जू खाली जखडलेला असणे किंवा एखादा स्नायूंचा वा नसांचा आजार असणे, ही कारणे सुरुवातीला लक्षात येत नाहीत आणि मूल वाढू लागल्यावर दिसू लागतात. कमरेवर केसांचा झुपका, खळगा किंवा डाग आहे का, लघवीवर ताबा कसा आहे, पायाच्या बोटांची ताकद आणि संवेदना कशी आहे, हे तपासून घ्यावे आणि शंका असल्यास पाठीच्या कण्याचा एमआरआय करावा. कारण तसेच राहिले तर कोणत्याही रिंगने मिळवलेली सुधारणा टिकत नाही.

दुसरा प्रश्न : प्लास्टरने किती होईल? नऊ वर्षांच्या मुलाला पुन्हा प्लास्टर, हे ऐकून बरेच पालक चकित होतात. इग्नासिओ पोन्सेती यांनी अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात विकसित केलेली ही प्लास्टरची पद्धत तान्ह्या बाळांसाठी म्हणून ओळखली जाते. परंतु चालू लागलेल्या, अगदी आठ-दहा वर्षांच्या मुलांमध्येही ती वापरली गेली आहे, आणि त्यातील बऱ्याच मुलांची मोठी शस्त्रक्रिया त्यामुळे टळली किंवा लहान झाली. या वयात प्रत्येक प्लास्टर साधारण दोन आठवडे ठेवावे लागते आणि संख्याही जास्त लागते. आपल्या मुलाच्या पावलावर आधीच मोठी शस्त्रक्रिया झालेली असल्याने आत व्रणाची ऊती घट्ट असणार, म्हणून पूर्ण सुधारणा होईलच असे मी म्हणत नाही. तरीही तीन-चार प्लास्टर देऊन पाहावीत असे माझे मत आहे. पाऊल अर्धे जरी सैल झाले तरी पुढची रिंग लहान काळासाठी लागते. आणि जर ते पूर्ण सैल झाले व फक्त चालताना पाऊल आत उचलले जाते एवढाच दोष उरला, तर पावलाच्या आतल्या बाजूला जोडलेला पुढचा स्नायुबंध पावलाच्या मधल्या ओळीत, तिसऱ्या पाचरीच्या हाडावर नेऊन बसवण्याची तुलनेने लहान शस्त्रक्रिया पुरते. ती ताठ पावलावर उपयोगाची नसते. पाऊल आधी हाताने सरळ करता यायला हवे.

आता रिंगविषयी. तिच्यामागचे तत्त्व गावरिल इलिझारोव्ह यांचे. सायबेरियातील कुर्गान येथे १९५१ च्या सुमारास त्यांनी ताणलेल्या बारीक तारा आणि कड्या यांची रचना वापरायला सुरुवात केली, आणि हाडावर किंवा मऊ ऊतीवर संथ, सतत ताण दिला तर ती ऊती नुसती ताणली न जाता नव्याने वाढते, हे दाखवून दिले. वाकड्या पावलासाठी हे तत्त्व मोलाचे का, तर वारंवार वळलेल्या पावलात आतल्या बाजूची त्वचा, रक्तवाहिनी आणि नस याही आखूड झालेल्या असतात. एकाच बैठकीत पाऊल सरळ केले तर त्वचा मिटत नाही किंवा रक्तपुरवठा धोक्यात येतो. दिवसाला एक मिलिमीटर या गतीने ओढले तर या सर्व गोष्टींना सोबत वाढायला वेळ मिळतो. शिवाय हाडाचे पाचर कापून काढावे लागत नाही, त्यामुळे आधीच लहान असलेले पाऊल आणखी लहान होत नाही.

रचना तीन प्रकारच्या दिसतात. इलिझारोव्ह यांच्या कड्या भक्कम असतात आणि त्यांवर बहुतेक वेळा पाय टेकवून चालता येते. मुंबईच्या डॉ. बी. बी. जोशी यांनी विकसित केलेली, ‘जेस’ या नावाने ओळखली जाणारी रचना हलकी असते. पोटरी, टाच आणि चवडा यांतून तारा घालून त्या दांड्यांनी जोडतात, आणि आतल्या बाजूला बाहेरच्या दुप्पट वेगाने ओढ देतात. लहान मुलांच्या छोट्या पावलांना ती सोयीची पडते. तिसरी रचना सहा तिरप्या दांड्यांची. तिचे वेळापत्रक संगणकाने काढले जाते आणि एकाच वेळी अनेक दिशांची वक्रता सुधारता येते. पालक मला नेहमी विचारतात की सर्वांत नवी रचना सर्वांत चांगली का. माझे उत्तर असे की, शल्यचिकित्सकाचा हात ज्या रचनेवर बसलेला आहे ती रचना त्या रुग्णासाठी चांगली. आपण त्यांना ‘कोणती रिंग?’ असे विचारण्यापेक्षा ‘अशी किती पावले आपण स्वतः केली आहेत आणि दोन वर्षांनंतर ती कशी होती?’ असे विचारावे.

धोके मी लपवणार नाही. तारांच्या तोंडाशी वरवरचा संसर्ग इतका नेहमीचा आहे की तो होणारच असे धरून चालावे. बहुतेक वेळा तो स्वच्छतेने आणि गोळ्यांनी आटोक्यात येतो. टाच खाली ओढली जात असताना बोटांचे स्नायुबंध ताणले जातात आणि बोटे पंजासारखी आत वळतात. याची काळजी पहिल्या आठवड्यापासून घ्यावी लागते. घोट्याचा सांधा दाबला जाऊन त्यातील कूर्चा दुखावू नये म्हणून सांध्यात आधी काही मिलिमीटर अंतर निर्माण करतात. चवडा वर उचलताना घोट्यातले हाड सांध्यातून पुढे सरकण्याचा धोका असतो, म्हणून ठरावीक दिवसांनी बाजूने एक्स-रे काढणे अनिवार्य आहे. वाढत्या वयात नडगीच्या खालच्या टोकाची वाढपट्टी, म्हणजे हाड जिथून लांबीला वाढते तो थर, तीही ओढीने फाकू शकते. तळव्याला मुंग्या येऊ लागल्या किंवा बधिरपणा आला तर ओढ त्याच दिवशी थांबवून कळवावे. नस ताणली जात असल्याची ती खूण असते आणि वेग कमी केला की बहुधा ती सुधारते.

पुन्हा वळण्याची शक्यता आहे, आणि ती दुर्लक्ष करण्याजोगी नाही. विशेषतः फक्त मऊ ऊती ओढून सुधारलेले पाऊल रिंग काढल्यावर थोडे मागे जाते. म्हणूनच आम्ही पाऊल सरळ रेषेपेक्षा काही अंश पुढे नेतो, तेथे किमान सहा ते आठ आठवडे धरून ठेवतो, रिंग काढल्यावर काही आठवडे प्लास्टर देतो आणि त्यानंतर पोटरीपर्यंतचा ब्रेस अनेक महिने देतो, रात्रीचा तर त्याहूनही जास्त काळ. घरचे लोक ओढीच्या काळात फार दक्ष असतात आणि पाऊल सरळ दिसू लागले की ढिले पडतात, हे मी वारंवार पाहिले आहे. दहा-बारा वर्षांच्या पुढे, किंवा हाडांचा आकारच फार बदललेला असेल तर, नुसती ओढ पुरत नाही. हाड कापून त्या फटीतून ओढ द्यावी लागते. आपला मुलगा या सीमेच्या अलीकडे आहे.

थांबून सांधे जोडण्याविषयी : तीन सांधे जोडण्याची शस्त्रक्रिया टाकाऊ नाही. ज्याचे सांधे दुखतात आणि झिजलेले आहेत अशा प्रौढ पावलाला ती आराम देते. परंतु वाढ पूर्ण होण्याआधी ती करीत नाहीत, म्हणजे आपल्या मुलाला आणखी चार-पाच वर्षे कडेवर चालावे लागेल. तेवढ्या काळात हाडे त्याच वाकड्या आकारात वाढतील आणि तेव्हा काढायचे पाचर मोठे असेल. शिवाय जोडलेल्या सांध्यांचा भार घोट्यावर येतो आणि तो पुढे झिजतो. नवव्या वर्षी दुखणाऱ्या पावलासाठी नुसते थांबणे मला पटत नाही.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

आपण दोघांनी इतके सविस्तर लिहिलेत, याबद्दल मनापासून आभार. मज्जारज्जूचा मुद्दा आम्हाला आजवर कोणी सांगितला नव्हता. काल रात्री पाहिले, कमरेवर काही खूण नाही. परंतु उजव्या पायाचा अंगठा वर उचलताना तो डाव्याइतका उचलला जात नाही असे वाटले. हे आम्ही पुढच्या भेटीत नक्की दाखवू. आणखी एक विचारते : बोटे आत वळू नयेत म्हणून नेमके काय करायचे असते? आणि त्या महिन्यांत गुडघा व बाकीचा पाय कमकुवत होत नाही का?

उत्तर ३ : फिजिओथेरपिस्ट

बोटांचे काम माझ्याकडे येते, म्हणून लिहिते. प्रत्येक बोटाच्या टोकाखाली मऊ पट्टीची एक झोळी करून ती रबराने रिंगच्या पुढच्या कडीला बांधतात, जेणेकरून बोट सतत किंचित वर ओढलेले राहते. काही ठिकाणी शस्त्रक्रियेच्या वेळीच बोटांतून बारीक तारा घालून ती सरळ ठेवतात. झोळी असली तरी दिवसातून चार-पाच वेळा ती सोडून प्रत्येक बोट हाताने सावकाश सरळ करून दहा मोजेपर्यंत धरायचे असते. आईने हे शस्त्रक्रियेआधीच चांगल्या पावलावर करून शिकून घ्यावे, म्हणजे दुखऱ्या पायाला पहिल्यांदा हात लावताना हात थरथरत नाही. रबर फार घट्ट झाले तर बोटाचे टोक पांढरे पडते. तसे दिसले की लगेच सैल करावे.

गुडघ्याबाबत आपली शंका रास्त आहे. मुले रिंग लावल्यावर गुडघा वाकवून, उशीवर ठेवून बसतात, कारण तसे बरे वाटते, आणि तीन आठवड्यांत गुडघा पूर्ण सरळ होईनासा होतो. म्हणून उशी गुडघ्याखाली कधीही ठेवू नये; ती पोटरीखाली ठेवावी, म्हणजे गुडघा आपोआप सरळ राहतो आणि टाचही हवेत राहते. मांडीचा पुढचा स्नायू आवळणे, सरळ पाय उचलणे आणि पालथे झोपून पाय मागे उचलणे हे व्यायाम पहिल्या आठवड्यापासून करता येतात. डॉक्टरांनी वजन टाकण्याची परवानगी दिली असेल तर रिंगच्या तळाशी एक सपाट तळवा जोडून घ्यावा आणि मुलाला कुबड्यांवर चालवावे. पायावर भार पडला की सूज कमी होते आणि हाडेही ठिसूळ होत नाहीत.

माझा आग्रह एका गोष्टीसाठी आहे. रिंग काढल्यानंतर पहिल्या दोन महिन्यांत मुलाला चालायला नव्याने शिकवावे लागते. वर्षानुवर्षे कडेवर चालल्यामुळे त्याच्या मेंदूत तीच चाल बसलेली असते. पाऊल सरळ झाले तरी तो सवयीने तेच पाऊल आतल्या दिशेने टाकतो, आणि पालकांना वाटते की पाऊल परत वळले. आरशासमोर टाच आधी टेकवण्याचा सराव, पावलाच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूंना बळ देणारे व्यायाम आणि एका पायावर तोल सांभाळणे हे सारे त्या काळात नेमाने व्हायला हवे. रिंग निघाली म्हणून व्यायामाला येणे थांबवलेली मुले मला वर्षभराने पुन्हा भेटतात, तेव्हा फार वाईट वाटते.

उत्तर ४ : स्वतः रिंग लावलेले एक जण

माझे वय आता सव्वीस आहे. मला चौदाव्या वर्षी रिंग लागली, तीही पावलाचे हाड कापून. त्याआधी माझ्यावर दोन शस्त्रक्रिया झाल्या होत्या. डॉक्टरांनी आणि पालकांनी लिहिले आहे त्यात मी फक्त मुलाच्या बाजूने थोडी भर घालतो.

तो चित्र पाहून गप्प झाला आहे, असे आपण लिहिले आहे. मला तर रिंगचे चित्र कोणी दाखवलेच नव्हते. भूल उतरल्यावर मी ती प्रथम पाहिली आणि तारा हाडातून आरपार गेल्या आहेत हे कळल्यावर मला उलटी झाली. तेव्हा त्याने आधी पाहिले हे चांगलेच झाले. आता त्याला शक्य असेल तर रिंग लावलेल्या एखाद्या मुलाला प्रत्यक्ष भेटू द्या. शस्त्रक्रियेआधी त्याच्या हातात पाना द्या आणि नट कसा फिरतो ते त्यालाच करून पाहू द्या. माझ्या बाबतीत तिसऱ्या आठवड्यापासून दुपारचा फेरा मी स्वतः देऊ लागलो, वडील फक्त ठिपका मोजत. त्या दिवसापासून माझी भीती कमी झाली, कारण ओढ कधी बसणार हे माझ्या हाती आले.

लहान लहान गोष्टी सांगतो. पॅन्टची बाहेरची शिवण उसवून तिथे चिकटणारी पट्टी लावून घ्या. रिंगवर सैल कापडी पिशवी घातली की थंडीही वाजत नाही आणि लोकांची नजरही तिथे जात नाही. दुसऱ्या पायाच्या पोटरीला रिंगचे टोक लागून खरचटते, म्हणून तारांच्या टोकांवर लावायच्या टोप्या रोज जागेवर आहेत का ते पाहा. शाळा मी पाच आठवड्यांनी पुन्हा सुरू केली. वर्गात पाय समोरच्या बाकावर ठेवण्याची परवानगी वडिलांनी आधीच घेऊन ठेवली होती.

सर्वांत कठीण दिवस कोणता होता असे कोणी विचारले तर मी शस्त्रक्रियेचा दिवस सांगणार नाही. सहाव्या आठवड्यात पाऊल सरळ दिसू लागले होते आणि मला वाटले आता सुटका. तेव्हा डॉक्टरांनी सांगितले की अजून नऊ आठवडे तसेच राहायचे आहे. त्या रात्री मी फार रडलो. धरून ठेवण्याचा काळ किती असेल हे मुलाला पहिल्याच दिवशी सांगा, आणि शक्य असेल तर थोडा जास्तच सांगा.

माझ्या पावलाची हालचाल कमी आहे आणि खूप चालल्यावर घोटा दुखतो. पण तळवा जमिनीवर सपाट टेकतो, आणि गेली बारा वर्षे तो तसाच टेकतो आहे.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

आपले उत्तर मी मुलाला मोठ्याने वाचून दाखवले. पाना त्याच्या हातात देण्याचा भाग त्याने दोनदा वाचायला लावला. पुढच्या आठवड्यात आम्ही पहिल्या तज्ज्ञांकडे जात आहोत. अंगठ्याची ताकद तपासण्याविषयी, एमआरआयविषयी आणि आधी काही प्लास्टर देऊन पाहण्याविषयी त्यांना विचारू, आणि त्यांनी स्वतः केलेल्या पावलांविषयीही. मुलाचा मात्र एकच प्रश्न आहे आणि तो आपल्यालाच विचारायला त्याने सांगितले आहे : रिंग असताना कुशीवर झोपता येते का?

उत्तर ४ लिहिणाऱ्यांचा प्रतिसाद

येते. पहिला आठवडाभर पाठीवरच झोपावे लागेल, पोटरीखाली उशी घेऊन. नंतर रिंग असलेला पाय वर येईल अशा कुशीवर वळायचे आणि दोन्ही पायांच्या मध्ये एक जाड उशी ठेवायची, म्हणजे रिंगचे वजन त्या उशीवर येते आणि खालच्या पायाला टोचत नाही. त्याचा उजवा पाय आहे, म्हणजे त्याने डाव्या कुशीवर झोपायचे. वळताना पहिल्या काही दिवसांत कोणीतरी रिंग दोन्ही हातांनी धरून पायासोबत वळवावी. मला साधारण दहाव्या रात्री ते एकट्याने जमू लागले.